मोत्याचेही दात घासायचे?

"अव माय, कुत्र्याच्या तोंडाले वास नाही येईन तं काय अत्तराचा दरवळ येईन?"

आमच्या चिखलीत पाळलेल्या कुत्र्याच्या तोंडाचा विषय काढला, की दहांतल्या आठजणी हेच उत्तर देतात. वर पदर तोंडाला लावून हसतात. पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट अशी आहे की निरोगी कुत्र्याच्या तोंडाला फारसा वास येतच नाही. जेवल्यावर थोडा वेळ जेवणाचा येईल, तेवढाच. तो जवळ येऊन जांभई देतो आणि आपण मान फिरवतो, एवढी दुर्गंधी येत असेल, तर तो कुत्र्याचा स्वभावधर्म नव्हे. हिरड्यांत काहीतरी कुजते आहे, असा त्याचा अर्थ.

आपला मुलूख शेतकऱ्यांचा. बैलबाजारात गेलेला माणूस बैलाचे शिंग, खूर, वशिंड पाहील, पण जबडा उघडून दात मोजल्याशिवाय पैशाला हात घालणार नाही. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला ही भाषा घरातल्या शाळकरी पोरांनाही कळते. त्याच घराच्या उंबऱ्यावर दहा वर्षे राखण करणाऱ्या मोत्याच्या तोंडात किती दात आहेत, हे मात्र कुणाला ठाऊक नसते! सांगून ठेवते. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात, वर 20 आणि खाली 22. म्हणजे आपल्यापेक्षा दहा जास्त. एवढे दात, आणि आयुष्यभरात त्यांना एकदाही हात लागत नाही.

आता हिरड्या बिघडतात कशा, ते पाहू. प्रत्येक जेवणानंतर दातांवर एक चिकट, बुळबुळीत थर धरतो. आपल्याही दातांवर धरतो, सकाळी जीभ फिरवली की जाणवतो तोच. त्यात असंख्य जंतू असतात. हा थर पुसला गेला नाही, तर लाळेतल्या क्षारांनी दोनतीन दिवसांतच तो घट्ट होऊ लागतो आणि त्याचे पिवळे-तपकिरी किटण बनते. कुत्र्याची लाळ आपल्यासारखी नसते. तिच्यात आम्लता कमी, म्हणून त्याचे दात आपल्या मुलांसारखे किडत नाहीत. पण त्याच गुणाने किटण मात्र झपाट्याने बसते. पाण्याच्या टाकीला क्षार धरावेत तसे. सर्वांत जास्त कुठे बसते? वरच्या जबड्यात गालाशी जो सर्वांत मोठा दात असतो त्यावर, कारण लाळेची एक नळी नेमकी तिथेच उघडते. आज घरी गेल्यावर ओठ वर करून तोच दात पाहा.

किटण हिरडीच्या कडेला रुतले की कड लाल होते, सुजते, बोट लागताच रक्त येते. इथवर आजार परतवता येतो, हे नीट लक्षात ठेवा. पुढे मात्र जंतू हिरडीच्या खाली उतरतात, दाताला धरून ठेवणारे हाड झिजवतात, आणि ते हाड पुन्हा भरून येत नाही. दात हलतात. मुळाशी पू होतो. तोंडातले जंतू रक्तात उतरतात, ते वेगळेच. पशुवैद्य सांगतात की तीन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत या दुखण्याची सुरुवात झालेली असते. तीन वर्षे! आपल्या दृष्टीने तो अजून बागडणारा पोरगाच असतो.

"पण आमचा तर छान जेवतो हो," असे तुम्ही म्हणाल. जेवणारच. दात दुखतो म्हणून जेवण सोडणारे कुत्रे फार थोडे. दुखणे लपवणे ही त्यांची जातच. तेव्हा भुकेवरून अंदाज बांधू नका, जेवण्याच्या रीतीवरून बांधा. एकाच बाजूने चावतो का? घास तोंडातून खाली पडतो का? कडक भाकरी हुंगून सोडतो आणि दुधात कुस्करलेली तेवढी खातो का? लाळेत रक्ताची रेघ दिसते का? डोक्यावरून हात फिरवू देतो पण तोंडाजवळ हात नेला की गुरगुरतो, असे नव्यानेच झाले आहे का? डोळ्याच्या खाली गालावर गाठ येऊन फुटली, तर ती जखम डोळ्याची किंवा मधमाशी चावल्याची समजून हळद लावत बसू नका. वरच्या त्या मोठ्या दाताच्या मुळाशी पू साठला की तो नेमका तिथूनच वाट काढतो. बाहेरून मलम लावून ती कधीच बरी होत नाही. महिन्याभराने पुन्हा फुटते.

दोन मिनिटांचे काम

आता मुद्द्याकडे येते. चिखलीत जनावरांचा दवाखाना आहे, पण तालुक्याच्या गावी डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांतच जातो, आणि ते साहजिक आहे. कुत्र्याला पूर्ण भूल देऊन दात साफ करण्याची सोय गावोगावी मिळत नाही. मुंबईकराला परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे. आपल्याला खामगावमार्गे अकोला गाठावे लागते. तिथे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. प्रवास, खर्च, घरच्या माणसाची रजा, हा सगळा हिशेब मांडला की घरच्या घरी रोज दोन मिनिटे देणे किती स्वस्त पडते, ते कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

साहित्य काय? जुन्या सुती साडीचा किंवा मलमलीचा हातभर तुकडा आणि वाटीभर पाणी. बस्स. दुकानात बोटात घालायचे रबरी ब्रश मिळतात, लहान मुलांचा अगदी मऊ ब्रशही चालतो. पण सुरुवात फडक्यानेच करावी, असे माझे मत. बोटाला दात जाणवतो आणि कुत्र्याला आपले बोट ओळखीचे असते.

पहिल्याच दिवशी तोंड उघडायला जाऊ नका. पहिले तीनचार दिवस नुसता ओठ वर करायचा, "शाब्बास" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. मग कोरडे बोट दातांवरून फिरवायचे. आठवड्याने ओले फडके तर्जनीला गुंडाळून पुढच्या सुळ्यांवर, मग हळूहळू मागे गालाकडे. जबडा उघडायची गरजच नाही! तोंड मिटलेलेच राहू द्या, फक्त ओठ सरकवून दातांची बाहेरची बाजू पुसा. आतली बाजू जिभेने बऱ्यापैकी साफ राहते. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर लहान लहान गोल फिरवत जायचे. वरचे मागचे दात चुकवायचे नाहीत. ब्रश वापरलात तर तो तिरका धरा, म्हणजे केस हिरडीच्या कडेशी पोचतील. सुरुवातीला फडक्यावर किंचित रक्त दिसले तर घाबरू नका, हिरडी सुजलेली असल्याची ती खूण. नेटाने रोज केले की सूज उतरते आणि रक्त थांबते. पंधरा दिवसांतही थांबले नाही, किंवा हात लावताच कुत्रे कळवळते, तर मात्र घासणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या तोंडावर रोज घासत राहिलात, तर तो जन्माचा धास्तावेल.

वेळ कोणती धरावी? रात्रीच्या जेवणानंतरची, झाकपाक उरकल्यावरची. तेव्हा घर शांत असते आणि तोही पेंगुळलेला असतो. रोज जमले तर उत्तम, एक दिवसाआड जमले तरी चालेल. आठवड्यातून एकदा घासून उपयोग नाही, कारण थर दोनतीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो, हे वर सांगितलेच आहे.

पिल्लू असेल तर दोन महिन्यांचे असल्यापासूनच ओठ उचलण्याचा खेळ सुरू करा. घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे काम फार आवडते. पण मोठ्या माणसाच्या देखत, आणि आपल्याच घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यावर. गल्लीतल्या कुत्र्याचे दात पाहायला मुलांनी जाऊ नये, हे त्यांना बजावून सांगा.

काय लावू नये

इथे थोडी कडक होते, कारण आपल्याकडे घरगुती उपायांना तोटा नाही.

आपली टूथपेस्ट कुत्र्याला लावू नका. आपण चूळ भरून थुंकतो, तो सगळे गिळतो. पेस्टमधले फेस आणणारे पदार्थ आणि फ्लोराइड त्याच्या पोटात जायला नको. त्याहून वाईट म्हणजे काही पेस्टमध्ये आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. आपल्याला त्याने काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तो एकदम खाली आणतो, यकृतही निकामी करू शकतो. नातवाने च्युइंगमचे पाकीट सोफ्यावर टाकले आणि कुत्र्याने फस्त केले, तर वाट पाहत बसू नका, तडक डॉक्टरांकडे. कुत्र्यांसाठी वेगळी पेस्ट मिळते, चिकनच्या चवीची वगैरे. परवडत असेल तर जरूर आणा, तिच्या लालचीने तो स्वतःहून तोंड पुढे करतो. पण काम करते ते घासणे, पेस्ट नव्हे. नुसत्या पाण्याने भागते.

लवंगेचे तेल नको. आपल्या दाढेला कापसाचा बोळा लावतो तसा त्याला लावला, तर तोंड भाजते आणि पोटात गेलेले तेल बाधते. खाण्याचा सोडा आणि मीठ नको, कारण गिळलेले मीठ त्याला फार होते. कडुनिंबाची काडी चघळायला दिली तर ती चिरफळते आणि तिचा तुकडा हिरडीत रुततो. आणि मिसरी? हसू नका, "आमच्या दातांले चांगली, मंग त्याले काऊन नाही?" असे विचारणारी आजी आपल्या गावात भेटते. तंबाखू कुत्र्याला विषच. (आपल्या दातांनाही ती चांगली नाही, पण तो विषय आज नको.)

किटण नखाने, चाकूच्या टोकाने किंवा खिळ्याने खरवडून काढू नका. वरचे टवके निघतात, दात पांढरा दिसतो आणि आपल्याला वाटते, जिंकलो. पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो, तो तिथेच राहतो. शिवाय खरवडल्याने दातावर ओरखडे पडतात आणि त्यांत किटण आणखी लवकर धरते.

हाडूक, भाकरी आणि कणीस

"हाडूक चघळले की दात आपोआप साफ होतात," हे वाक्य घरोघरी ऐकू येते. किटण थोडे निघते हे खरे. पण कुत्र्याचा खालचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, कात्रीसारखा वरखाली होतो. बकऱ्याच्या नळीचे टणक हाड त्या कात्रीत धरले की पुष्कळदा हाडाऐवजी वरचा मोठा दातच चिरतो आणि त्याचा पापुद्रा निघतो. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे तर सुईसारखे तुकडे होतात आणि घशात, आतड्यात टोचतात. साधी परीक्षा सांगते. चघळायला द्यायच्या वस्तूवर अंगठ्याचे नख दाबा. नखाची खूण उमटली नाही, तर ती वस्तू दाताला घातक. हाड, नारळाची करवंटी, दगड, सगळे त्यात आले. आणि लोखंडी साखळीही! दिवसभर बांधून ठेवलेले कुत्रे कंटाळून साखळी चावते आणि सुळ्याची मागची बाजू कानशीने घासल्यासारखी झिजते. साखळी बदलण्यापेक्षा त्याला सकाळ-संध्याकाळ मोकळे फिरवून आणा.

ज्वारीची शिळी कडक भाकरी दिली तर? देऊ शकता, पण तिच्यावर विसंबू नका. कुत्रे चर्वण करीत नाही, दोन तुकडे करून गिळते. भाकरी दाताच्या टोकाला लागते, हिरडीच्या कडेपर्यंत पोचत नाही. विकतचे कोरडे खाद्यही बहुतेक वेळा असेच फुटते, त्याने दात घासले जातात हा समज फारसा खरा नाही. दूध-बिस्किटांवर वाढवलेल्या कुत्र्यांना तर मी म्हणेन, बिस्किटे जितकी कमी तितकी बरी. दातांच्या खाचांत त्यांचा लगदा बसून राहतो. गाजराचा मोठा तुकडा, काकडी यांत मात्र काही वाईट नाही.

पावसाळ्यात आपल्या भागात मक्याची कणसे मुबलक. दाणे खाऊन झालेले बुरकूंड कुत्र्यापुढे टाकायची सवय मोडा. त्याचा तुकडा गिळला तर आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेवाचून निघत नाही. आंब्याच्या कोयीचेही तेच. मटणाच्या रश्शात भाकरी चुरून देतानाही विचार करा, कारण रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो.

ओठ उचलण्याची सवय झाली की आणखी एक लाभ होतो. हिरडीचा रंग रोज नजरेखाली येतो. निरोगी हिरडी गुलाबी असते. काही कुत्र्यांची जन्मतःच काळी किंवा ठिपक्यांची असते, त्यात काही वावगे नाही. गुलाबी हिरडी बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती फिकट, पांढुरकी दिसू लागली तर रक्त कमी झाले आहे. आपल्याकडे गोचिडांमुळे येणाऱ्या तापात असे होते. पिवळी दिसली तर कावीळ. दोन्हीत उद्यावर टाकू नये. तोंडाला लघवीसारखा वास येऊ लागला, तर दातांबरोबर मूत्रपिंडाचीही तपासणी करायला सांगा.

पिल्लाचे सुळे बदलताना एक गंमत होते, विशेषतः पॉमेरियनसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत. दुधाचा सुळा पडतच नाही आणि नवा त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. जुळे सुळे दिसायला मजेशीर, पण दोहोंच्या फटीत अन्न अडकते आणि नवा दात वाकडा येतो. सात महिन्यांनंतरही जोडी दिसली तर डॉक्टरांना सांगा. नसबंदी करणार असाल तर त्याच भुलेत तो जादा दात काढून घेता येतो.

घशात हाड अडकले असे वाटले तर

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. कुत्र्याची लाळ अचानक गळू लागते, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, आवाज बदलतो. घरचे म्हणतात, "हाड अडकलं," आणि कुणीतरी मायेने तोंडात हात घालते. पिसाळलेपणाचा एक प्रकार असाच असतो. त्यात कुत्रे चावायला धावत नाही, गप्प पडून राहते, म्हणून संशय येत नाही. लाळेतून रोग माणसाला होतो आणि एकदा लक्षणे दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालायचाच नाही, लस टोचलेली असली तरी नाही. खोलीत बंद करून डॉक्टरांना बोलवा, ते हाड असेल तर हाड काढतील. कुणाच्या हाताला दात लागला, किंवा ओरखड्यावर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना-तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, आणि मधले एकही इंजेक्शन चुकवू नका. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर ही लस द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी.

आता, किटण आधीच दगडासारखे बसले असेल तर काय? मग घासून उपयोग नाही, ते एकदा काढूनच घ्यावे लागते. भूल देण्यापूर्वी रक्ताची तपासणी होते. मग यंत्राने हिरडीच्या वरचे आणि खालचे किटण काढतात, दात गुळगुळीत करतात, हलणारे काढून टाकतात. भूल न देता "नुसते वरचेवर" साफ करून देतो असे कुणी म्हणाले, तर नको म्हणा. त्यात हिरडीखालचे काही निघत नाही आणि जनावर भेदरते ते वेगळे. लांब जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. दातांचे काम होते का, एक्स-रेची सोय आहे का, कुत्र्याला किती तास उपाशी आणायचे आणि साधारण खर्च किती.

दात काढले म्हणून हळहळू नका. दुखरे दात गेलेली म्हातारी कुत्री पुन्हा खेळायला लागलेली मी पाहिली आहे. घरी आणल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस भाकरी कोमट पाण्यात किंवा बिनमिठाच्या वरणात मऊ कुस्करून द्या. चघळायचे काही देऊ नका आणि औषधाच्या गोळ्या पुऱ्या करा. माणसांची दुखण्यावरची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. साधारण दोन आठवड्यांनी जखम भरली, की फडके पुन्हा काढायचे आणि त्याच रात्रीपासून उरलेल्या दातांना लावायचे.